मळक्या हातांची बालवाडी

आमच्या घरी काय काय नव्हतं ते सांगत बसले तर संध्याकाळ होईल, म्हणून होतं तेवढंच सांगते. एक खोली होती. तिची मागची भिंत पाटलांच्या कडब्याच्या कोठ्याची होती, म्हणजे आमच्या मालकीच्या भिंती तीनच. एक चूल, दोन भगुणी, एक घोंगडी, आणि दुसऱ्यांच्या वावरात राबणारी दोन माणसं. बा पाटलांचा सालदार होता. सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीवर बांधलेला गडी. पाटलांचा बैल आजारी पडला तर केनवडहून जाणता माणूस बोलावला जायचा. बा आजारी पडला तर खुद्द पाटील यायचे, हा उठतो की नाही ते पाहायला. एवढा मान बैलाला नव्हता.

माय रोजानं निंदायला, कापूस वेचायला जायची. धाकटा भाऊ नामा माझ्या कडेवर असायचा. माझं वय पाच असेल किंवा सहा असेल; लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. माझ्या भवितव्याची मात्र चोख व्यवस्था झाली होती. पाटलीणबाईंनी एकदा माझं मनगट चाचपून पाहिलं, बाजारात कालवड पाहतात तसं, आणि मायला म्हणाल्या, "पोरगी हाडाची हाये. संक्रांत झाली का धाडजो शेण काढाले. दोन वक्त भाकर देईन."

"हो जी," माय म्हणाली. शेजारच्या बायांनी तिचं अभिनंदन केलं. पोरीनं नशीब काढलं म्हणाल्या.

त्याच वर्षी पोळ्याच्या सुमारास गावात अनसूयाबाई आल्या. गावांची सुधारणा करायची असं सरकारनं तेव्हा नुकतंच ठरवलं होतं, गावांना न विचारता. त्या सुधारणेत आमच्या वाट्याला एक बालवाडी आली. बाई कारंज्याकडच्या. पस्तिशीच्या असतील. नवऱ्यानं टाकलेली बाई, ही माहिती त्यांच्या ट्रंकेच्या आधी गावात पोचली होती. ट्रंक मागून आली. रंगानं काळ्या, आवाजानं खणखणीत, आणि जिभेनं अशा की पहिल्या आठवड्यातच गावातल्या रिकाम्या मंडळींनी त्यांच्या वाटेवरचा पार बदलला.

बालवाडीला जागा पाटलांनी दिली. बैलांसाठी नवा पक्का गोठा झाला होता, म्हणून जुना लेकरांना मिळाला. दारावर पाटी लागली. तिच्यावर बालवाडीचं नाव लहान आणि पाटलांचं मोठं होतं. म्हणजे माझ्यापुरता हिशेब सोपा होता: संक्रांतीपर्यंत जुना गोठा, संक्रांतीनंतर नवा.

माय आम्हाला पहिल्यांदा तिथं घेऊन गेली तेव्हा दारातूनच म्हणाली, "बाई, हे लहानगं ठेवून घ्या. याले सांभाळाले ही पोरगी बसन बाजूले."

"आन् पोरीले कोण सांभाळन?"

माय हसली. "तिले कायले सांभाळा लागते? मोठी झाली थे."

बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मोठी? अरे बाप्पा! मंग लग्न-बिग्न झालं का नाही इचं? लेकरं किती हायेत?" मी लाजून मायच्या लुगड्यात तोंड घातलं. "लाजते म्हंजे लहान हाये. ठेवा दोघायलेही. आन् थो तिच्या कडेवरचा खाली ठेवा, त्याले पाय हायेत."

नामाला पाय आहेत हे आमच्या घरात तोपर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या गावांतल्या बालवाड्यांत काय चालतं ते मी पुढे नोकरीत पाहिलं. प्रार्थना, टाळ्या वाजवून गाणं, आणि मग नखं पाहायची. अनसूयाबाईही रोज घरी सोडताना दारात उभ्या राहून "हात दाखवा" म्हणायच्या, पण ज्याचे हात स्वच्छ असतील त्याला त्या सोडत नसत. "हे काय? दिवसभर झोपला होता का बे? जाय, काहीतरी करून ये." मातीनं, राखेनं, चुन्यानं, तेलानं मळलेले हात दाखवले की बाई मान हलवायच्या. "हा. हा आला होता आज."

सकाळी गेलं की कोपऱ्यात एक टोपली असायची, फडकं टाकून झाकलेली. प्रत्येकानं फडक्याखाली हात घालायचा आणि हाताला येईल ते घ्यायचं. मातीचा गोळा निघाला तर दिवसभर कुंभार. कातड्याचा तुकडा निघाला तर जोडे शिवायचे. लाकडी वस्तरा, सुतळीची रीळ, लाकडी हातोडा, चाळणी, टपालाची पिशवी, खडू. बाईंचा नियम एकच होता. "बापाचा धंदा घरी ठेवा. इथं दुसऱ्याचा." कुंभाराच्या पोराच्या हाती माती आली की त्यानं ती परत टाकायची आणि पुन्हा हात घालायचा. खेळ म्हणून नुसते हातवारे केलेले बाईंना चालत नसत. मडकं केलं की त्यात पाणी ओतून पाहायच्या. "पाणी ठरलं तं मडकं. नाही तं ढेकूळ. ढेकूळ कराले कुंभार कायले लागते?"

आठवड्यातून एकदा खरा कारागीर यायचा. सुतार आला, कुंभार आला, न्हावी आला आणि भोपळ्याची हजामत करून दाखवून गेला. गावाला हे सगळं भारी करमणुकीचं वाटायचं. सरकार पोरांना खेळवायला पगार देतं यावर पारावर रोज हसणं व्हायचं. हसणाऱ्यांना काही काम नव्हतं आणि पगारही नव्हता, त्यामुळे त्यांचा अधिकार मोठा.

मला पहिल्या दिवशी खडू निघाला. म्हणजे मी मास्तर. मला मास्तर काय करतो ते चांगलं ठाऊक होतं. मी एक काडी घेतली, नामाला समोर बसवलं आणि बदडायला सुरुवात केली. नामानं गोठा डोक्यावर घेतला.

बाई आल्या. "हे झालं मारणं. आता शिकव."

"काय शिकवू?"

"मले काय इचारतं? मास्तर तू हायेस."

मला काहीच येत नव्हतं. सगळी पोरं माझ्याकडे पाहत होती. बाईंनी खाली बसून राखेत बोटानं एक अक्षर काढलं. "हा न. नामाचा न. आता हे तू त्याले शिकव. उद्या पुन्हा मास्तर व्हाचं असन तं आज संध्याकाळी माह्याकडून दुसरं अक्षर घेऊन जाजो. येत नसन त्याले माह्या बालवाडीत मास्तर होता येत नाही. बाहेर चालते."

त्या दिवसापासून मी टोपलीतून काहीही निघालं तरी खडू ज्याच्या हाती असेल त्याच्याशी अदलाबदल करायची. माती देऊन खडू, चाळणी देऊन खडू. बाई बघायच्या आणि बघितलं नाही असं करायच्या. मास्तरकी टिकून राहावी म्हणून रोज संध्याकाळी एक अक्षर. शिकायची हौस मला मुळीच नव्हती, हुकूम सोडायची होती. अक्षरं त्यापायी आली.

मध्ये एकदा बालवाडी तपासायला सरकारी साहेब आले. ओढ्यापर्यंत जीपनं, ओढ्यापासून पाटलांच्या दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून. त्यांनी नाकाला रुमाल लावून आमच्याकडे पाहिलं.

"बाई, या मुलांचे हात इतके घाण कसे?"

"काम करते म्हणून, साहेब."

"स्वच्छता हा पहिला धडा असतो."

"बरोबर हाये. पाणी धाडा. जवळची विहीर पाटलांची हाये. माह्या अर्ध्या लेकरायले तिच्या काठावर पाय ठेवू देत नाहीत. हे पण एखादा धडा म्हणून लिहून घ्या."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. पाटलांकडे चहा होता. गावाच्या सुधारणेत चहाचा वाटा बराच मोठा होता.

पाटलांचा नातू दिगू आमच्यातच होता. पाच वर्षांचा, कमरेला चांदीचा करदोटा, पायात जोडा. बालवाडीत जोडा घालून येणारा तो एकटाच. मार्गशीर्षात एका सकाळी त्यानं टोपलीत हात घातला आणि कातड्याचा तुकडा निघाला. आम्ही सगळी पोरं त्याच्याकडे पाहायला लागलो. पाटलांच्या घरातल्यांनी कातडं हातात धरायचं नसतं एवढं आम्हाला कळत होतं, कारण आम्हाला घरी शिकवलं होतं. दिगूला शिकवलेलं नव्हतं. त्यानं तो तुकडा वास घेऊन पाहिला, ओढून पाहिला आणि खूश झाला.

जोडे शिवणारा सखाराम त्या आठवड्यात शिकवायला आला आणि उंबऱ्याबाहेर बसला. आत येईना. "इथंच बरा हावो मी, बाई." मग बाईंनी अख्खी बालवाडी उचलून बाहेर नेली आणि त्याच्याभोवती बसवली. दिगू त्याच्या मांडीला मांडी लावून. आरीनं भोक पाडायचं, मेण लावलेला दोरा ओवायचा, दोन्हीकडून खेचायचा. दिगू जीभ बाहेर काढून दिवसचे दिवस तेच करत राहिला. शेवटी त्यानं सखारामच्या पिशवीतली एक तुटकी वहाण उचलली आणि तिचा अंगठा शिवून टाकला. जाड, वाकडे, पण घट्ट टाके. वहाण दुरुस्तीला आली होती, आणि ती होती पाटलांची.

सखारामला घाम फुटला. "बाई, पाटील मले गावात ठेवनार नाहीत."

"तुमी गेले तं पाटलाले अनवाणी फिरा लागन. ठेवते थे."

पाटलांनी वहाण घातली, दोन पावलं चालून पाहिली आणि सखारामला म्हणाले, "यंदा टाका मजबूत घातला बे तू." सखाराम जी जी करत मागच्या मागे गेला.

मग खळं झालं. ज्वारीची रास पडली की गावात ज्यानं ज्यानं वर्षभर पाटलांचं काम केलं तो आपला वाटा घ्यायला खळ्यावर यायचा. त्याला बलुतं म्हणत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी आपापलं फडकं घेऊन ओळीनं उभे राहायचे. सखाराम शेवटी, जरा अंतर सोडून. पाटील राशीजवळ उभे राहून प्रत्येकाच्या कामात खोट काढायचे आणि मग बा पायलीनं माप घालायचा. मी बाला भाकर द्यायला गेले होते. म्हणून हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

सखारामचं माप झालं. तो बाजूला सरकला तर त्याच्या मागे दिगू उभा. आजीचा फाटका रुमाल दोन्ही हातांनी पसरून.

"आबाजी, माह्यं बलुतं द्या."

लोक हसले. पाटीलही हसले. "अरे राजा, तुले कायचं बलुतं? हे सगळी रास तुहीच हाये."

"रास नको. माह्यं काम झालं त्याचं द्या." दिगूनं खाली बोट दाखवलं. "तुमचा जोडा मी शिवला. हा टाका माह्या हातचा हाये."

पाटलांनी पायाकडे पाहिलं. सगळ्या खळ्यानं पाटलांच्या पायाकडे पाहिलं. सखारामनं तेवढं आभाळाकडे पाहिलं. मग न्हाव्याच्या नाकातून एक आवाज निघाला, आणि तो खोकला आहे असं दाखवायला त्याला फार उशीर झाला. पाटलांनी दोन्ही वहाणा तिथंच काढल्या आणि धसकटं तुडवत अनवाणी घरी गेले. सखारामच्या हातचा टाका त्यांना जन्मभर चालला होता. नातवाच्या हातचा चालला नाही. विटाळाचं शास्त्र किती सूक्ष्म असतं ते मला त्या दिवशी कळलं. मागे दिगू रुमाल पसरून ओरडत राहिला, "आबाजी, माह्यं माप!"

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या ओट्यापुढे बाईंचं बोलावणं झालं. बा तिथं बैलाची दोरी वळत बसला होता, मायही रोजाची मजुरी घ्यायला आली होती, मी तिच्या मागे.

"बाई," पाटील म्हणाले, "तुमी लेकरं शिकवून राह्यल्या का बाटवून राह्यल्या?"

"जोडा फाटला का पाटील?"

"तोंड सांभाळून बोला! उद्यापासून हे थेरं बंद. ज्याचं त्यानं खेळाचं. पाटलाचं पोट्टं पाटील, कुंभाराचं कुंभार, सालदाराचं सालदार. आपापल्या बापाच्या कामात खेळा म्हणा. नाही तं माहा गोठा खाली करा."

मला वाटलं आता बाई त्यांना फाडून खातील. पण बाईंनी हात जोडले. "हो जी. गोठा तुमचा, हुकूम तुमचा. परवा या पाहाले. बराबर चालू हाये का नाही, तुमच्याशिवाय कोण सांगन आमाले?"

आतून पाटलीणबाईंचा आवाज आला. "आन् थ्या सालदाराच्या पोरीले आताच धाडजो व कामाले. संक्रांतीची वाट कायले पाहा लागते?"

माय म्हणाली, "हो जी. चार दिवसांत आणतो." बानं दोरीवरची मान वर केली नाही. माझा खडू सुटला हे मला कळलं. घरी जाताना मी रडले तर माय म्हणाली, "कायले रडतं? गोठा तं गोठाच हाये."

ठरल्या दिवशी सकाळी बालवाडीत टोपली नव्हती. बाईंनी कुठून तरी एक खाट आणून मधोमध टाकली होती. दिगूला तिच्यावर बसवलं.

"सांगा रे पोट्टेहो, पाटील काय काम करते?"

कोणालाच काही आठवेना. शेवटी एक जण म्हणाला, "खाटेवर बसते." दुसरा म्हणाला, "पान खाते." तिसरा म्हणाला, "वरडते."

"बस. दिगू, तू तेच करजो." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुहा बा काय करते?"

"शेण काढते. चारा टाकते. 'जी मालक' म्हणते."

"मंग घे टोपली." टोपली खरी होती, शेणही खरं होतं.

पाटील आले तेव्हा त्यांच्यासोबत ओट्यावरची चार माणसं होती आणि मागे त्यांची छत्री घेऊन बा. दिगू खाटेवर रेलला होता. आजोबांना पाहून त्याला जोरच चढला.

"काबे, मेला का?" तो माझ्यावर ओरडला. शब्द पाटलांचे, सूरही पाटलांचा. "काल कुठं तोंड काळं केलं होतं? थोबाड फोडू का?"

मी टोपली खाली ठेवली. कंबरेत वाकले. एक हात तोंडावर धरला, बा धरायचा तसा, त्याच्यासारखं थोडं खोकले. "जी मालक. ताप होता मालक. चुकलं मालक."

पोरं खदखदून हसली. पाटलांच्या सोबतची माणसंही हसली. माझं सोंग इतकं हुबेहूब उतरलं होतं की मला स्वतःचा अभिमान वाटला. मी पुन्हा वाकले, पुन्हा म्हणाले, "चुकलं मालक."

बाई पाटलांना म्हणाल्या, "तुमच्या हुकमापरमानं चालू हाये. काही चुकत असन तं सांगा."

पाटील काही सांगण्याआधी दिगूच खाटेवरून उतरला. "मले हे नाही खेळाचं," तो चिडून म्हणाला. "याच्यात कामच नाही."

पाटील लाल झाले, मग काळे झाले. पण मी पाहत होते बाच्याकडे. मला वाटलं होतं तो हसेल, शाबास म्हणेल. तो माझ्या वाकलेल्या पाठीकडे पाहत होता. त्याचं तोंड कसंतरीच झालं होतं. त्यानं छत्री भिंतीला टेकवून ठेवली आणि मालकाची परवानगी न घेता तो निघून गेला. असं त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं मायला एवढंच सांगितलं, "पोरीले शेणाले धाडू नको."

"पाटलीणबाई काय म्हणतीन?"

"म्हणू दे."

"आन् पाटील?"

"त्यायले मी सांगतो."

सकाळी त्यानं खरंच सांगितलं. मी आणि नामा कोठ्याच्या आडून ऐकत होतो. बाचा आवाज खाली होता पण नीट ऐकू आला. "मालक, सालदार मी हाये. माही पोरगी नाही."

"लय अक्कल आली बे! कोणं शिकवली?"

"पोरीनंच."

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवं साल बांधतात तेव्हा पाटलांनी बाला बोलावलं नाही. आसपासच्या दुसऱ्या कोणीही बोलावलं नाही, कारण पाटील अशा बाबतीत सगळ्यांची फार काळजी घेत. बा, माय आणि नामा अनसिंगकडे मजुरीला गेले. जाताना माय मला सोबत नेणार होती. बाई येऊन दारात उभ्या राहिल्या. "इले ठेवून जा. इची शाळा घालतो. तिकडं नेलं तं पुन्हा कोणाच्या तरी टोपल्या उचलन." मायनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. मग बाईंना म्हणाली, "तुमच्या त्या खेळापाई आमचं साल गेलं, बाई."

बाईंची जीभ पहिल्यांदा अडखळली. "हो माय," त्या म्हणाल्या. "गेलं. पाटलाले टोमणा माराले गेली मी, आन् लागला थो तुह्या घरवाल्याले." मायनं माझा परकर आणि पोलकं एका फडक्यात बांधून त्यांच्या हाती दिलं.

बालवाडीचा गोठा तोवर गेलाच होता. त्यात पाटलांनी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या भरल्या. पऱ्हाट्या उलट बोलत नाहीत आणि बलुतंही मागत नाहीत. बाईंनी दारावरची पाटी काढून पाटलांच्या घरी पोचती केली, "नाव तुमचंच मोठं हाये, ठेवा जपून" असं म्हणून. आणि मग आमची बालवाडी गावभर फिरायला लागली. एक दिवस कुंभाराच्या अंगणात, एक दिवस लोहाराच्या भात्यापाशी, एक दिवस सखारामच्या दारात. टोपली बाईंच्या डोक्यावर, मागे आमची रांग. दिगूला घरून बंदी होती. तो रोज परसातल्या भिंतीवरून उडी मारून यायचा. पाटलीणबाई त्याला शोधायला गडी पाठवायच्या, आणि गड्याला तो नेमका कुठं सापडत नाही हे सगळ्या गड्यांना नीट माहीत होतं.

उन्हाळा संपला तशा बाई मला घेऊन शाळेत गेल्या. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"वय?"

"तुमीच पाहा दात मोजून."

"बापाचा धंदा काय?"

"थे बापाले इचारजा, थो अनसिंगले हाये. इले काय येते थे इले इचारा."

"सालदाराची पोरगी. हिला काय येणार?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मास्तरांच्या टेबलावरचा खडू उचलला. असा खडू उचलायची मला आठ-नऊ महिन्यांची सवय होती. फळ्यावर मी न काढला, नामा लिहिलं, दिगू लिहिलं, सखाराम लिहिलं, बाचं नाव लिहिलं. बालवाडीतल्या सगळ्यांची नावं झाली तेव्हा फळा संपला होता. मास्तर उठून जवळ आले.

"बाई, हिला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही जी. हे स्वताच मास्तर होती. आता तुमी इचे विद्यार्थी नका होऊ म्हंजे झालं."

मास्तरांनी नाव घातलं. बाहेर आल्यावर मी छाती काढून चालायला लागले तर बाईंनी पाठीत धपाटा घातला. "जास्त फुगू नको. सखाराममधला म तुहा आडवा पडला होता."

दुसऱ्या वर्षी पाटलांच्या तक्रारीला साहेबांकडून फळ आलं. बाईंची बदली पोहरादेवीकडे झाली. तोवर माय-बा परत आले होते. बानं गावात कोणाचं साल धरलं नाही, रोजानं काम करू लागला. दमणी द्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून बाईंची ट्रंक बानं डोक्यावर घेतली आणि केनवडपर्यंत पोचवली. मीही गेले. गाडी यायला वेळ होता. बाई ट्रंकेवर बसून बाला म्हणाल्या, "पाटलाचा गडी म्हणून एवढं वझं उचललं नसन तुमी."

"नाही," बा म्हणाला. "थ्या कामाची मजुरी होती."

बाई हसल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन् तू लेक, शाळा सोडली तं मी परत येईन. मंग पाह्यजो." असलं भयंकर आश्वासन मला त्यानंतर कोणी दिलं नाही. बाई काही परत आल्या नाहीत. मी सातवीत शिकत असताना तिकडच्या एका माणसाकडून कळलं की त्या तापानं गेल्या. तिथल्या लोकांनी काय म्हटलं असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लय तोंडाळ होती बाई. पण लेकरं सोडत नव्हते तिले, शेवटच्या दिवशीही अंगणात बसून होते."

बातमी मी संध्याकाळी बाला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला शाळेत जायला उशीर होतो आहे म्हणून रागावून उठवलं.

शाळा मी सोडली नाही. नामा मॅट्रिक झाला, मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बा त्यानंतर कोणाचा सालदार राहिला नाही.